कॉम्प्युटरचं आपत्कालीन दार

त्या सकाळी सावधानराव दाढी करताना गुणगुणत होते, आणि घरातल्यांनी तिथेच ओळखायला हवं होतं. एरवी हा माणूस गाण्याच्या वाटेला जात नसे. गुणगुणत तो फक्त तेव्हाच, जेव्हा घरातली एखादी चांगली चाललेली वस्तू आणखी चांगली करायचं त्याच्या मनात येई. मागच्या वेळी असे गुणगुणले त्या दिवशी गिझर गेला. त्याच्या आधी गुणगुणले तेव्हा इस्त्री, आणि इस्त्रीबरोबर बायकोची एक चांगली साडी.

सावधानराव हे अर्थात त्यांचं खरं नाव नव्हे, ते इमारतीतल्या लोकांनी दिलेलं. ते लिफ्ट तपासणारे सरकारी निरीक्षक होते. उभा जन्म लिफ्टच्या तारा, खटके आणि दारं तपासण्यात गेला होता, आणि त्यातून त्यांचं एक पक्कं मत झालं होतं: संकटात माणसाचं डोकं चालत नाही, म्हणून सुटकेची सोय अशी हवी की ती माणसाने काहीही न करता आपोआप चालावी. हे मत ते कचेरीत ठेवून घरी आले असते तर ही गोष्ट सांगावी लागली नसती. पण ते रोज संध्याकाळी ते मत डब्याबरोबर घरी घेऊन येत. घराच्या दाराला त्यांनी आपोआप बंद होणारं लॅच बसवलं होतं. खिडकीला जाळी, जाळीला आणखी जाळी. भिंतीभिंतीवर ‘सावध राहा’, ‘हात लावू नये’, ‘आधी बटण बंद करा’ अशा पाट्या, आणि त्या इतक्या की आता घरात कोणी पाट्या वाचतच नसे.

आज त्यांच्या मनात कॉम्प्युटर होता. कॉम्प्युटर होता घरातला एकुलता एक, आणि त्यात बायकोची शब्दकोडी होती. बायको कोडी रचत असे, आडवे शब्द, उभे शब्द, आणि त्यांतून माणसाला घाम फोडणाऱ्या सूचना. दोन वर्षं खपून तिने कोड्यांचं पहिलंवहिलं पुस्तक तयार केलं होतं आणि दुसऱ्या दिवशी ते छापायला जायचं होतं. मध्यंतरी एकदा कॉम्प्युटर एक अख्खी दुपार मख्खपणे बसून राहिला तेव्हा ती रडवेली झाली होती. पुढे तो आपणहून सुरू झाला, पण सावधानरावांच्या ते जिव्हारी लागलं. आपण सरकारच्या लिफ्टा वाचवतो आणि आपल्या बायकोचं पुस्तक वाचवू शकत नाही म्हणजे काय? बायकोवर त्यांचं फार प्रेम होतं. दुर्दैवाने ते त्यांना असल्या मार्गांनीच व्यक्त करता येई.

बायको त्या दिवशी मुखपृष्ठ ठरवायला प्रकाशकांकडे निघाली होती. दारापर्यंत गेली, गुणगुणणं ऐकून थबकली आणि म्हणाली, “आज काय बेत आहे तुमचा?”

“काही नाही गं. कॉम्प्युटर जरा सुरक्षित करावा म्हणतो.”

“अस्सं,” ती म्हणाली, आणि चष्मा राहिला म्हणून परत आत गेली. बऱ्याच वेळाने बाहेर आली आणि भुर्रकन निघून गेली. चष्मा तिच्या डोक्यावर आधीपासूनच होता, हे सावधानरावांना दिसलं होतं. पण बायकोच्या विसरभोळेपणावर कौतुकाने हसून त्यांनी बाह्या सरसावल्या.

तर योजना अशी होती. कॉम्प्युटर बिघडला तर त्याला पुन्हा उभा करायची सोय त्याच्या आतच दडलेली असते, पण ती शोधायला चार खोल्या ओलांडून जावं लागतं. ती सोय उचलून सुरुवातीच्याच पडद्यावर आणून ठेवायची. म्हणजे कॉम्प्युटर चालू केला की दोन पर्याय समोर येणार, एक नेहमीसारखा सुरू होण्याचा आणि दुसरा स्वतःला दुरुस्त करण्याचा. जगात पुष्कळ लोक हे करतात आणि सुखाने राहतात. सावधानरावांनीही वाचत वाचत, एकेक पायरी चढत ते बरोबर केलं. दुरुस्तीच्या पर्यायाला त्यांनी ‘आपत्कालीन दार’ असं नावही दिलं. इथे थांबले असते तर कोणाचं काही बिघडलं नसतं.

पण थांबतील ते सावधानराव कसले! त्यांच्यातला निरीक्षक जागा झाला. संकटात माणूस गोंधळतो, तो पर्याय कसला निवडतोय? म्हणून त्यांनी आपत्कालीन दार यादीत सगळ्यांत वर घेतलं. माणूस बेशुद्ध पडला असेल तर? म्हणून एका मिनिटात कोणी काहीच दाबलं नाही तर ते दार आपोआप उघडेल अशी व्यवस्था केली. वीज गेली तर? म्हणून वीज आल्याबरोबर कॉम्प्युटर स्वतःच सुरू होईल हेही बघितलं. शेवटी ‘खात्री आहे का?’ असं विचारणारी पाटी त्यांनी काढून टाकली, कारण आगीत सापडलेल्या माणसाला कोणी खात्री विचारत नाही. पुस्तकाची एक प्रत आधी काढून ठेवावी, हे त्यांना सुचलं नाही असं नाही. सुचलं, पण ते दार बसवून झाल्यावर करायचं ठरलं.

आता या घरची एक रीत सांगायला हवी. कॉम्प्युटर जुना होता आणि जागा व्हायला त्याला भारी वेळ लागे. त्यामुळे घरात जो कोणी तो चालू करी, तो बटण दाबून थेट स्वयंपाकघरात चहा टाकायला जाई. बटण दाबून खुर्चीत बसून राहिलेला माणूस त्या घराने पाहिला नव्हता. सासूबाई, म्हणजे त्यांच्याकडेच राहणारी बायकोची आई, पत्त्यांचा खेळ खेळायला रोज अशाच बसत, आधी बटण, मग चहा, मग पत्ते. आणि एक मिनिटात चहा होत नाही. हे सावधानरावांना स्वतःला ठाऊक होतं. ते स्वतःही तसंच करत.

काम कसं झालंय हे बघायला त्यांनी कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला आणि सवयीने उठून स्वयंपाकघराकडे निघालेसुद्धा. अर्ध्या वाटेवर त्यांनी अभिमानाने वळून पाहिलं. पडद्यावर वरच्या ओळीत आपत्कालीन दार, खाली नेहमीची सुरुवात, आणि कोपऱ्यात आकडे उलटे पळतायत. वा, ते म्हणाले, आणि परत येऊन खालचा पर्याय निवडायला त्यांनी कीबोर्डवरचा खालच्या दिशेचा बाण दाबला.

काही झालं नाही. मग त्यांना आठवलं की मागे त्या कोपऱ्यात कपभर चहा सांडला होता आणि चारही बाण त्यातच कामी आले होते. माऊस असल्यामुळे कोणाचं अडलं नव्हतं. या पडद्यावर मात्र माऊस चालत नव्हता. आणि त्याच क्षणी, बाणावर बोट ठेवून उभे असताना, त्यांना आणखी एक गोष्ट लख्ख दिसली. हे दार उघडलं की कॉम्प्युटर दुकानातून आला त्या दिवशीसारखा कोरा करकरीत होणार होता. लिफ्ट अडकली तर आतली माणसं वाचवायची असतात. इथे लिफ्ट वाचणार होती आणि आतली माणसं जाणार होती.

सावधानरावांनी टेबलाखाली सूर मारला आणि प्लग उपटला.

टेबलाखाली बसूनच त्यांनी परिस्थितीचा आढावा घेतला. पुस्तक आत होतं आणि शाबूत होतं. फक्त कॉम्प्युटर चालू करायची सोय उरली नव्हती. बायको संध्याकाळी येणार, बटण दाबणार आणि चहा टाकायला जाणार. त्याआधी बाण चालणारा कीबोर्ड मिळायला हवा. दोन वर्षं ती रात्र-रात्र त्या खुर्चीत बसली होती, एकेका शब्दासाठी खोलीत येरझारा घातल्या होत्या, आणि हे सगळं आपण एका दुपारी सुरक्षितपणे घालवणार होतो.

समोरच्या दारात दातांचे डॉक्टर राहत आणि दवाखानाही तिथेच चालवत. सावधानराव किल्ली खिशात घालून त्यांच्याकडे गेले. डॉक्टरांनी खुर्चीत आडव्या केलेल्या पेशंटला तोंड उघडंच ठेवायला सांगितलं आणि आपला कीबोर्ड काढून दिला. तो बिनतारी होता. घरी आणून सावधानरावांनी पुन्हा प्लग लावला, पडदा आला, आकडे पळायला लागले, आणि तेव्हा कळलं की हा कीबोर्ड कॉम्प्युटर पुरता जागा झाल्याशिवाय ओळखच दाखवत नाही. पुन्हा टेबलाखाली सूर, पुन्हा प्लग. या खेपेला टाळक्याला टेबलाची कड लागली. प्लग लांब ठेवून, त्यावर ‘धोका! हात लावू नये’ अशी पाटी अडकवून ते कीबोर्ड परत करायला आणि तारेचा कुठे मिळतो ते विचारायला समोर गेले. मागे लॅच खट्कन लागलं.

सासूबाईंची दुपारची झोप नेमकी तेव्हा झाली. त्या बाहेर आल्या, प्लग निघालेला पाहिला, पाटी वाचली नाही, प्लग लावला, बटण दाबलं आणि चहा टाकायला गेल्या. झोपताना काढलेलं कानाचं यंत्र अजून उशाशीच होतं.

डॉक्टरांच्या दारात उभ्या सावधानरावांना आपल्या घरातून एक ओळखीची घरघर ऐकू आली. ते धावले. घंटा वाजवली, दार बडवलं, जिन्याकडच्या खिडकीच्या दुहेरी जाळीतून आत पाहिलं तर पडदा उजळला होता आणि आकडे पळत होते. सासूबाई कप धूत होत्या. जाळी तोडता येईल का हे बघायला त्यांनी ती ओढली, पण ती त्यांनी स्वतः बसवून घेतली होती, ती कसली तुटतेय!

ते जिना उतरून मीटरच्या खोलीत घुसले. घराघराचे खटके पत्र्याच्या पेटीत होते आणि पेटीला कुलूप होतं. ते कुलूप लावायचा आग्रह त्यांचाच होता. सगळ्या इमारतीचा मुख्य खटका मात्र उघडा होता, कारण संकटात तो चटकन हाती यायला हवा, असा आग्रहही त्यांचाच. त्यांनी तो दोन्ही हातांनी खाली ओढला.

इमारत चिडीचूप झाली. मग एकेक आवाज सुरू झाले. वरून डॉक्टर विचारू लागले की वीज कोणी घालवली, कारण त्यांची खुर्ची विजेवर चालणारी होती आणि पेशंटचं डोकं खाली नि पाय वर अशा अवस्थेत ती थांबली होती. पेशंटचं म्हणणं काहीतरी वेगळंच असावं, पण तोंडात कापूस असल्यामुळे ते कळत नव्हतं.

“जावईबापू, लाइट गेली वाटतं,” म्हणत जरा वेळाने सासूबाई चहाचा कप घेऊन जिन्यापर्यंत आल्या.

“आई, दार धरा!” सावधानराव खालून ओरडले.

“चहा झालाय,” सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या मागे लॅच खट्कन लागलं.

सावधानराव जिन्याच्या पायरीवर मटकन बसले. त्यांची किल्ली या खेपेला आतच राहिली होती. सासूबाईंची किल्ली कानाच्या यंत्राशेजारी. तिसरी किल्ली बायकोजवळ, ती यायला अजून वेळ असणार. तोवर खटका खाली ठेवायचा, लोक बोलतील ते ऐकून घ्यायचं, ती आली की किल्ली घ्यायची, आत जाऊन प्लग काढायचा. इतकंच. त्यांना जरा हायसं वाटलं. गॅस बंद केलाय ना, हे त्यांनी खुणेने विचारून घेतलं. “मी काय खुळी आहे?” असं सासूबाईंनी सुनावलं, तेही त्यांना गोड लागलं.

तेवढ्यात लिफ्टमधून कोणीतरी दारावर थापा मारल्या.

“अहो, कोणी आहे का बाहेर? मी अडकलेय.”

तो आवाज सावधानरावांनी लाखात ओळखला असता. मुखपृष्ठ लवकर ठरलं होतं आणि बायको घरी येत होती. लिफ्ट तळमजला आणि पहिला मजला यांच्या मधोमध थांबली होती.

“तू आहेस होय?” ते दाराला तोंड लावून म्हणाले. “घाबरू नकोस हं. आधी किल्ली फटीतून बाहेर टाक बघू.”

“फट कुठाय? तुम्हीच बुजवायला लावलीत ना, बोटं अडकतात म्हणून?”

खरं होतं. लिफ्ट हाताने खाली उतरवायचं चाकही होतं, पण ते गच्चीवरच्या खोलीत, आणि त्या खोलीची किल्ली सुरक्षित राहावी म्हणून सावधानरावांनी आपल्याच घरात ठेवली होती. सासूबाई वरून चहा निवत चालल्याचं कळवत होत्या. डॉक्टर पेशंटचे पाय धरून उभे होते.

“मग वीज चालू करा,” बायको म्हणाली. “गेली कशी?”

“मी घालवलीय.”

मग ती म्हणाली, “का?”

आणि मग लिफ्टच्या बंद दारापुढे उभं राहून त्या निरीक्षकाने बायकोला सगळं सांगितलं. दार, एक मिनिट, चहाने मेलेले बाण, सासूबाईंची झोप, काही लपवलं नाही. खटका वर केला की लिफ्ट चालेल, पण कॉम्प्युटरही आपोआप सुरू होईल. लिफ्ट वर येईतो, तिचं दार उघडेतो, किल्ली लावून आत जाईतो मिनिट उलटून गेलेलं असेल. पुस्तक जाईल.

“चुकलो गं मी. दोन वर्षांचं तुझं काम. तू थोडा वेळ कळ काढशील का? मी किल्लीवाल्याला गाठतो, दार उघडून घेतो. तासाभरात होईल.”

“तासभर?”

“फार तर दोन.”

मग अगदी हळू आवाजात ती म्हणाली, “इथे फार अंधार आहे हो.”

सावधानराव मीटरच्या खोलीत गेले. खटक्यावर हात ठेवून उभे राहिले. पुस्तकाचं नाव छापलेलं पाहायला ती किती आसुसली होती ते त्यांना आठवलं. मग लहानपणी अंधाराला घाबरून ती भावाच्या अंथरुणात शिरायची, हे सासूबाईंनी सांगितलेलं आठवलं. नाकाचा शेंडा लाल झाला. त्यांनी डोळे मिटले आणि खटका वर केला.

नंतर सगळे धावले. लिफ्ट वर आली, बायको बाहेर आली, तिने किल्ली शोधायला पर्स उपसली, त्यात रुमाल निघाला, फणी निघाली, लिमलेटच्या गोळ्या निघाल्या आणि सरतेशेवटी किल्ली निघाली. आत पडद्यावर एक निळी पट्टी सरकत होती आणि तिच्याखाली लिहिलं होतं, कॉम्प्युटर बंद करू नका. जन्मभर असल्या पाट्या लिहिलेल्या माणसाला ती पाटी मोडवली नाही. ते जमिनीवर बसून ती पट्टी पुरी होताना पाहत राहिले. पलीकडे डॉक्टरांची खुर्ची घरघरत सरळ झाली आणि पेशंटने बऱ्याच वेळाने सुटकेचा आवाज काढला.

पडदा स्वच्छ झाला. निळं आकाश, हिरवी टेकडी. बाकी काही नाही.

बायकोने निवलेला चहा पुन्हा गरम करून आणला आणि नवऱ्याशेजारी जमिनीवरच बसली. सावधानरावांनी चहात बुडवलेलं बिस्किट कपातच तुटलं. मग तिने पर्समधून, लिमलेटच्या गोळ्यांखालून, बोटभर लांबीचा पेनड्राइव्ह काढून त्यांच्या मांडीवर ठेवला.

“पुस्तक,” ती म्हणाली. “एक प्रत इथे, एक प्रकाशकांकडे देऊन आले. सकाळी चष्मा आणायला आत गेले होते ना, तेव्हाच उतरवून घेतलं.”

सावधानराव पेनड्राइव्हकडे पाहतच राहिले. “पण चष्मा तर तुझ्या डोक्यावर होता.”

“तुम्ही गुणगुणत होतात.”

त्यांना आनंद झाला, लाज वाटली, आणि मग जरासा रागही आला. “लिफ्टमध्येच सांगायचंस की. माझा जीव जायची वेळ आली होती.”

“सांगणारच होते. पण म्हटलं, बघू तरी, हा माणूस आधी काय वाचवतो.” तिने त्यांच्या कपातली बिस्किटाची ओली कड चमच्याने काढून टाकली. “मला वाचवलंत, बरं वाटलं. पण अहो, केवढा वेळ लावलात.”

सासूबाईंना यातलं फारसं ऐकू आलं नव्हतं. त्यांनी आपल्या रिवाजाप्रमाणे कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला आणि स्वयंपाकघराकडे निघाल्या. दोन पावलं गेल्या नाहीत तोच तो सुरू झाला. कोरा झाल्यापासून त्याच्या अंगात वीज संचारली होती. आपत्कालीन दाराचं कुठे नावही नव्हतं, कारण इतर सगळ्याबरोबर त्या दाराने स्वतःलाही पुसून टाकलं होतं. सासूबाई खोलीच्या मधोमध थांबल्या, एकदा कॉम्प्युटरकडे आणि एकदा गॅसकडे पाहू लागल्या. “आता मी चहा कधी करायचा?” त्यांनी विचारलं.

पुस्तक छापून आलं. पहिल्याच कोड्यात एक आडवा शब्द होता, तीन अक्षरी, सूचना अशी: घरातलं सर्वांत मोठं संकट, पण आपोआप सुटका नको. सावधानराव तो बरेच दिवस सोडवत बसले आणि शेवटी त्यांनी ‘गिझर’ लिहिलं. ‘नवरा’ त्यांना सुचलाच नाही.

त्यानंतर घर बराच काळ शांत होतं. मग एका रविवारी दोघी मायलेकी टेबलाशी बसून भाजी निवडत असताना आतून दाढीच्या पाण्याचा आवाज आला, आणि त्या आवाजात मिसळून हळूच एक सूर. सावधानराव गुणगुणत होते, आणि आरशातून त्यांची नजर फ्रिजवर खिळली होती.

सासूबाईंना त्या दिवशी ऐकू आलं. त्यांनी फ्रिज उघडून दुधाचं पातेलं बाहेर काढलं, बायकोने पर्स उचलली, आणि दोघी घराबाहेर पडल्या. लिफ्ट समोर उभी होती, पण त्या जिन्याने गेल्या.